परतीचा दिवा

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. १९३० च्या दशकातली अमेरिका, रविवारची सकाळ. एक तरुण आपल्या मोटरसायकलवरून जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर येतो. गाडी कडेला लावतो, पिशवीतून पाने काढतो आणि हेडलाइट, मागचा दिवा, मडगार्ड असं एकेक उतरवून गवतावर मांडून ठेवतो. दुपारी घोड्यांसाठी आखलेल्या मातीच्या लंबगोलावर तो त्याच गाडीने शर्यत करतो. संध्याकाळी हातपाय धड असले आणि इंजिन शाबूत असलं, तर धूळ झटकून तोच दिवा पुन्हा बसवतो, किक मारतो आणि अंधार पडायच्या आत घराची वाट धरतो.

हा तरुण माझ्या कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखे अनेक होते. मंदीच्या त्या काळात खास शर्यतीसाठी गाड्या बनवणं कारखान्यांना परवडेनासं झालं होतं. तेव्हा अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने १९३३-३४ च्या सुमारास ‘क्लास सी’ नावाचा नवा वर्ग सुरू केला. दुकानात मिळते तीच गाडी या वर्गात उतरवायची. सुरुवातीच्या वर्षांत तर गाडी स्पर्धकाच्या स्वतःच्या मालकीची हवी आणि ती चालवतच मैदानावर आणलेली हवी, असा दंडक होता. अमेरिकेतल्या मातीच्या शर्यतीचा सगळा पुढचा वैभवाचा काळ या साध्या नियमातून उगवला.

म्हणून ‘स्ट्रीट ट्रॅकर’ म्हणजे फ्लॅट ट्रॅकच्या शर्यतीच्या गाडीला रस्त्यावर आणण्याची अलीकडची हौस, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ही गाडी मुळात रस्त्यावरूनच मैदानात गेली होती. घरच्या गॅरेजात ती पुन्हा रस्त्यालायक बांधणारा माणूस तिला तिच्या मूळ घरी आणत असतो. गवतावर काढून ठेवलेला दिवा परत बसवायचा राहून गेला होता. तो कसा बसवायचा, ते या पुस्तकात सांगितलं आहे.

आधी ही शर्यत नीट समजून घेऊ, कारण गाडीचा सगळा आकार तिच्यातूनच आला आहे. धावपट्टी मातीची, लंबगोल, आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखी बहुतेक सपाट. वळणावर बाहेरची कड उचललेली नसते, आणि ‘फ्लॅट’ हा शब्द त्यावरून आला. फेऱ्या घड्याळाच्या उलट्या दिशेने होतात, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडचं. मैलाच्या धावपट्टीवर सरळ भागात गाड्या ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातात आणि त्याच वेगाच्या भरात वळणात शिरतात. तिथे पकड देणारं डांबर नसतं. स्वार गाडी आडवी टाकतो, मागचं चाक बाहेरच्या बाजूला घसरू देतो आणि त्या घसरण्यातूनच वेग कमी करतो. गाडी डावीकडे वळत असते आणि पुढचं चाक मात्र उजवीकडे वळवलेलं असतं. डाव्या बुटाखाली बांधलेली पोलादी पट्टी मातीवरून सरकत असते. गाडी किती वळणार हे हँडलपेक्षा ॲक्सिलरेटरच जास्त ठरवतो.

हे एकदा डोळ्यांत बसलं की गाडीतलं ‘असणं’ आणि ‘नसणं’ दोन्ही कळू लागतं. हँडल रुंद असतं, कारण घसरती गाडी सावरायला लांब तरफ लागते. पुढचा ब्रेक नसतो, कारण गाडी आडवी असताना पुढचं चाक अडलं तर स्वार क्षणात जमिनीवर येतो. १९७० च्या सुमारास नियम बदलेपर्यंत या गाड्यांना मागचा ब्रेकसुद्धा नव्हता. सीट सपाट आणि लांबट असते, कारण सरळ पट्टीवर अंग मागे सरकवून टाकीवर झोपायचं असतं आणि वळणात पुढे येऊन बसायचं असतं. सायलेन्सरचे पाइप बहुधा वर चढवलेले असतात, कारण गाडी वळणात खूप कलते. टाकी छोटी, कारण शर्यत छोटी. पुढचं-मागचं अशी दोन्ही चाकं १९ इंची असतात. मोठ्या व्यासामुळे टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबट होतो आणि खळग्यांवरून चाक सहज निघून जातं. या गाडीवर शोभेसाठी लावलेली एकही वस्तू नाही. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, माणसाने बनवलेल्या सर्वांत देखण्या मोटरसायकलींमध्ये मी तिची गणना करतो.

हिचा इतिहास मोठा आहे. या पुस्तकात मी त्यातला आपल्या कामापुरताच भाग घेतला आहे. १९५४ मध्ये ग्रँड नॅशनल चॅम्पियनशिप हंगामभराच्या अनेक शर्यतींच्या गुणांवर ठरू लागली. मैल, अर्धा मैल, शॉर्ट ट्रॅक, टीटी आणि डांबरी रस्त्यावरची शर्यत असे पाच प्रकार तिच्यात होते. सर्वांत चांगला स्वार कोण, याचं उत्तर त्या पाचांतून मिळत असे. १९६९ पर्यंत साइड व्हॉल्व्ह इंजिनाला ७५० सीसीची मुभा आणि ओव्हरहेड व्हॉल्व्हला ५०० सीसीची मर्यादा होती. हा भेद गेला आणि १९७० मध्ये हार्ले-डेव्हिडसनची एक्सआर ७५० आली. पहिल्या गाडीचे बिडाचे हेड फार तापत. १९७२ मध्ये ॲल्युमिनियमचं इंजिन आलं आणि पुढची अनेक वर्षं त्या इंजिनाने मातीवर राज्य केलं. ब्रूस ब्राउन यांच्या १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटात स्वार मर्ट लॉविल आपला पहिला क्रमांक राखण्यासाठी गावोगाव फिरताना दिसतात. त्या चित्रपटामुळे हा खेळ जत्रेच्या मैदानातून जगभरच्या तरुणांपर्यंत पोचला.

याच काळात यामाहाच्या ६५० सीसी जोड-सिलिंडर इंजिनावर कॅलिफोर्नियाचे केनी रॉबर्ट्स हार्लेशी झुंजत होते. १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षं ते ग्रँड नॅशनल विजेते झाले. १९७५ मध्ये इंडियानापोलिसच्या मैलावर त्यांनी डांबरी शर्यतीसाठी बनवलेलं टीझेड ७५० चं चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन मातीच्या चॅसीत बसवलेली गाडी चालवली, आणि शेवटच्या क्षणी पुढच्या दोघांना मागे टाकून ती शर्यत जिंकली. पुढे १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षं ते ५०० सीसीचे जगज्जेते होते. फ्रेडी स्पेन्सर, एडी लॉसन, वेन रेनी, निकी हेडन या अमेरिकन जगज्जेत्यांनीही मागचं चाक घसरवायची विद्या मातीवरच घेतली होती. युरोपातल्या डांबरी धावपट्ट्यांवर ती त्यांच्या कामी आली. आजचे मोटोजीपी स्वारही सरावासाठी मातीच्या लंबगोलावर येतात, त्याचं कारण हेच.

केनी रॉबर्ट्स यांच्या काळात डग श्वर्मा यांच्या चॅम्पियन आणि रे हेन्स्ली यांच्या ट्रॅकमास्टर अशा छोट्या कारखान्यांतून क्रोम-मॉली पोलादी नळ्यांच्या हलक्या चॅसी बाहेर पडत. तिथली चॅसी घ्यायची आणि बाजारातलं इंजिन तिच्यात बसवायचं, अशी रीत होती. कॅलिफोर्नियातल्या काही हौशी लोकांनी अशा गाड्यांना दिवे, पुढचा ब्रेक आणि नंबर प्लेट लावून त्या रस्त्यावर आणल्या. ‘स्ट्रीट ट्रॅकर’ हे नाव रूढ झालं ते त्याच दशकात.

आता मी यात कसा आलो, ते थोडक्यात. माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं. तिथे सकाळ लेथच्या आवाजाने व्हायची. बीड ओतणाऱ्या भट्ट्या, पॅटर्न बनवणारे सुतार, आटे पाडून देणारे टर्नर हे सगळे आमचे शेजारी. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ म्हणून भारतात बनवली, तेव्हा आमच्या गल्लीत एक आली होती. तिच्या दोन सायलेन्सरांतून येणारा तो आवाज ऐकून मी शाळेचं दप्तर टाकून रस्त्यावर धावत असे. पुढे शिक्षण, नोकरी असं करत कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलो. एका उन्हाळ्यात सहकाऱ्याबरोबर सॅक्रामेंटोच्या राज्य जत्रेच्या मैदानावर मैलाची शर्यत पाहायला गेलो. वीसेक गाड्या पहिल्या वळणात एकत्र आडव्या झाल्या, कुंपणापाशी मातीचा वर्षाव झाला, आणि ज्या यामाहाचा आवाज मी लहानपणी गल्लीत ऐकला होता तिच्या घराण्याची दुसरी बाजू मला इथे दिसली. त्या रात्री घरी येताना मनाशी पक्कं केलं, अशी एक गाडी आपल्या हातांनी बांधायची आणि तिच्यावरून ऑफिसला जायचं.

त्यासाठी मी १९७६ ची यामाहा एक्सएस ६५० घेतली. जुनी होती, गंजलेली होती, पण कागद तिच्या नावावर स्वच्छ होते. ही निवड का केली ते सविस्तर पहिल्या प्रकरणात आहे, इथे चार ओळींत सांगतो. ६५३ सीसीचं हे इंजिन १९६९-७० पासून पंधरा वर्षांच्या आसपास बनत राहिलं, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात. त्यामुळे थरथर भरपूर, पण रचना इतकी उघड आणि सुबोध की पहिल्यांदा इंजिन खोलणाऱ्याला तिच्यासारखा शिक्षक नाही. क्रँकला रोलर बेअरिंग आहेत आणि क्रँककेस आडव्या रेषेत दुभंगतो. रॉबर्ट्स यांच्या गाडीचं इंजिन याच कुळातलं होतं. शिवाय १९७८ पूर्वीची गाडी असल्याने अमेरिकेतल्या मोटरसायकलींसाठीचे धुराचे संघीय नियम तिला लागू होत नाहीत.

गाडी गॅरेजात आली त्या दिवशी मी ग्राइंडर हातात घेतला होता. नशिबाने शेजारी राहणारे एक निवृत्त मशिनिस्ट डोकावले. त्यांनी शांतपणे विचारलं, “हे कापताय ते कशासाठी होतं, ठाऊक आहे का?” मी बोट ठेवलं होतं तो चॅसीला जोडलेला एक लहानसा पत्रा होता. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ग्राइंडर काढून घेतला आणि एक वही आणायला सांगितली. पुढचे तीन आठवडे मी काहीही कापलं नाही. प्रत्येक वस्तू काढायची, तिचा फोटो घ्यायचा, पिशवीत घालून चिठ्ठी लावायची आणि वहीत लिहायचं: ही कुठे होती, कशाला धरून होती, आणि नसली तर काय होईल.

ही वही माझ्या गाडीचा खरा पाया ठरली. या पुस्तकात एकच मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तोही या वहीतूनच आला: वस्तू का होती हे कळल्याशिवाय ती काढू नका. फ्लॅट ट्रॅकच्या गाडीत जे नाही, त्या प्रत्येक ‘नाही’मागे मातीवरचा एखादा अनुभव आहे. रस्त्यावरच्या गाडीत जे आहे, त्या प्रत्येक ‘आहे’मागे कुणाचातरी अपघात आहे. घरी गाडी बांधणारा या दोन शहाणपणांच्या मधोमध उभा असतो. त्याने दोघांचंही ऐकलं पाहिजे.

उदाहरणादाखल चॅसी घ्या. शर्यतीच्या गाडीसारखी आखूड, सपाट शेपटी हवी म्हणून एक्सएसच्या चॅसीचा मागचा भाग कापतात. पण त्याच नळ्यांना शॉकअपची वरची टोकं जोडलेली असतात आणि मागच्या चाकाचा सगळा मार तिथे पोचतो. म्हणून कापायचं ते शॉकअपच्या मागेच. नवी वाकडी नळी जोडताना आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालायचा आणि मगच वेल्डिंग करायचं. वेल्डिंगचा हात बसला नसेल तर इथे स्वतःवर प्रयोग करू नका. नळ्या कापून, घासून, चापून-चोपून बसवा आणि शेवटचं वेल्डिंग जाणकाराकडून करून घ्या. चॅसीच्या गळ्यावरच्या नंबरापाशी ग्राइंडर किंवा भरपूर रंग जाऊ देऊ नका, कारण तुमच्या गाडीची कायदेशीर ओळख त्या आकड्यांत आहे. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे मूळचे प्लास्टिकचे बूश काढून ब्राँझचे घाला. हँडलच्या कोनसेटमधले छर्रे काढून निमुळते रोलर बेअरिंग बसवा. या दोन स्वस्त कामांनी गाडी जेवढी सुधारते, तेवढी महागड्या शॉकअपनेही सुधारत नाही.

चाकांच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. माझ्या गाडीचं मागचं चाक १८ इंची होतं. ट्रॅकरचं रूप आणि चाल यायला ते १९ चं करावं लागतं. मूळचा हब ठेवायचा, नवी रिम आणि मापाचे नवे आरे आणायचे, आणि ३६ आरे एकमेकांत गुंफायचे. पहिल्यांदा हे काम अशक्य वाटतं. मी सहा वेळा उसवून सातव्यांदा गुंफलं. जुन्या चिमट्यात चाक अडकवून, डायल गेज लावून, एकेक निपल पाव पाव आटा फिरवत चाक ‘बोलतं’ करायला एक अख्खी रात्र गेली. पहाटे चाक फिरवलं आणि गेजचा काटा जवळजवळ हलला नाही, तेव्हा जे वाटलं ते परीक्षेत पहिला नंबर आला तेव्हाही वाटलं नव्हतं. टायरच्या बाबतीत मात्र मोहात पडू नका. २७.५ × ७.५-१९ असं माप लिहिलेले शर्यतीचे टायर दिसायला अप्रतिम असतात, पण ते सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत. टायरच्या भिंतीवर रस्त्याच्या मान्यतेची खूण, वजनाची आणि वेगाची मर्यादा वाचूनच टायर घ्या. १९ इंचात असे टायर थोडे आहेत, पण आहेत.

ब्रेक हा ट्रॅकर आणि रस्ता यांच्यातला सर्वांत मोठा झगडा. मातीवर जो पुढचा ब्रेक स्वाराला पाडतो, तोच रस्त्यावर त्याचा जीव वाचवतो. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम तिथेच होतं. माझ्या गाडीला पुढे एकच डिस्क होती आणि मी तिला उत्साहाने मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर लावला. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला, मला वाटलं काम फत्ते. पण पिस्टन जितका मोठा तितका बोटांच्या त्याच जोरातून तेलाला दाब कमी मिळतो. पहिल्याच चाचणीत गाडी थांबायला तयार होईना. लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर लावला. लिव्हर थोडा मऊ झाला आणि गाडी जागच्या जागी थांबू लागली. हाताला जे चांगलं वाटतं ते चांगलं असेलच असं नाही, हा धडा मी तिथे शिकलो. त्या प्रकरणात सगळं गणित मांडून दाखवलं आहे.

आणि आता दिव्याची गोष्ट. गाडी पूर्ण झाली, कागद झाले, आणि एका संध्याकाळी मी डोंगरातल्या रस्त्यावरून साराटोगाच्या बाजूने घरी परतत होतो. उतारावर हेडलाइट छान होता. गावात शिरून पहिल्या सिग्नलला थांबलो तर तो पिवळा पडला, दुसऱ्याला काजव्याएवढा झाला. त्या काळोखात मागून येणाऱ्या मोटारींना मी दिसत होतो की नाही, कोण जाणे. गाडी ढकलत पदपथावर घेतली आणि उरलेला रस्ता चालत काढला. घरी तपासल्यावर दोन चुका सापडल्या. एक म्हणजे, चॅसीला मी सुंदर पावडर कोटिंग करून घेतलं होतं आणि अर्थिंगची वायर त्या कोटिंगवरच आवळली होती. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. आट्यांच्या कडेने जेमतेम वाट मिळत होती, तीही थरथरीने गेली. दुसरी म्हणजे, या गाडीचा जुना अल्टरनेटर इंजिन मंद असताना बॅटरीला पुरेसं देतच नाही. सिग्नलला थांबलेली गाडी बॅटरी खात असते. मी घेतलेली बॅटरी, लपवायला सोपी म्हणून, चिमूटभर होती.

दोन्ही दोष माझे होते, आणि दोन्ही दिसण्याच्या हौशीपायी झाले होते. त्या रात्री मला क्लास सीचा तो तरुण आठवला. हेडलाइट काढून ठेवायला त्याला दहा मिनिटं लागत असतील, पण परत बसवताना तो नक्कीच घाई करत नसेल. शर्यतीत त्याने काय जिंकलं ते लोकांनी पाहिलं. तो घरी पोचला तो मात्र त्या दिव्यामुळे. म्हणून या पुस्तकात वायरिंग शेवटच्या परिशिष्टात ढकललेलं नाही, त्याला दोन पूर्ण प्रकरणं दिली आहेत: अर्थिंगची जागा खरवडून धातू उघडा करणं, प्रत्येक वायरीला स्वतंत्र परतीचा मार्ग देणं, फ्यूज, कमी वीज खाणारे दिवे आणि त्यांना चालणारा फ्लॅशर, कायम चुंबकाचा अल्टरनेटर.

कायद्याच्या प्रकरणाला वाचक कंटाळतील अशी भीती मला मित्रांनी घातली होती. पण रस्त्यालायक हा शब्द पुस्तकाच्या शीर्षकात असेल तर तो कमावला पाहिजे. अमेरिकेत दर राज्याचे नियम वेगळे आहेत. मी कॅलिफोर्नियाचे दिले आहेत, कारण ते मी पाळले. १९७३ पासूनच्या गाडीला इंडिकेटर हवेत. आरशात मागचा २०० फूट रस्ता दिसला पाहिजे. १९७५ ते १९८५ दरम्यान बनलेल्या मोटरसायकलच्या आवाजाची मर्यादा ८३ डेसिबल आहे, म्हणजे उघड्या पाइपांचा विषयच संपला. मूळ चॅसी आणि तिचे कागद राखले तर वाट सोपी. कागद नसलेली शर्यतीची चॅसी घेतली तर गाडी ‘खास बांधलेलं वाहन’ म्हणून नोंदवावी लागते. नंबराची पडताळणी आणि ब्रेक-दिव्यांची तपासणी त्यात येते. ते कठीण आहे, पण अशक्य नाही. हे नियम मला अडसर वाटत नाहीत. रस्ता माझ्या एकट्याचा नाही, रात्री रस्ता ओलांडणाऱ्या आजीचाही आहे. तिच्या वतीने कुणीतरी माझ्या गाडीची वही तपासतं आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल भारतात करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. चॅसी कापलेली गाडी पुण्या-कोल्हापूरच्या रस्त्यावर आणू नका. पण या पुस्तकातलं बहुतेक ज्ञान त्यामुळे वाया जात नाही. आरे गुंफणं, ब्रेकचं गणित, वायरिंग, इंजिन खोलून पुन्हा जुळवणं या गोष्टी कुठल्याही जुन्या गाडीला मूळ रूपात जिवंत करतानाही लागतात. आणि मातीवर घसरायची हौस असेल तर रॉयल एनफिल्डच्या स्लाइड स्कूलमध्ये हिमालयनवर आधारित फ्लॅट ट्रॅक गाडीवर ती रीतसर शिकता येते. बंद मैदानावर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली.

भाषेविषयी थोडं. हे पुस्तक मी मराठीत लिहिलं, कारण हे काम मी मराठीत केलं. अमेरिकन पुस्तिकेत जे वाचलं ते हाताशी येताना मनात चिमटा, शॉकअप, छर्रे, आटे, बूश, पॅकिंग, टॅप मारणं, जाम झालेला बोल्ट सोडवणं अशाच शब्दांनी उतरलं. हे शब्द कुठल्या परिभाषा कोशातले नाहीत, ते उद्यमनगरातल्या फिटरांनी घडवले आणि मला फुकट दिले. ते छापील पानावर यावेत, ही माझी मनापासून इच्छा होती.

पुस्तकाची रचना काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने ठेवली आहे: निवड, खोलणं, चॅसी, चाकं, ब्रेक, इंजिन, कार्बोरेटर, टाकी-सीट, वायरिंग, कागद. घाईच्या वाचकाने मधलं कुठलंही प्रकरण उघडावं, पण पहिली दोन आधी वाचावीत. खर्चाचे आकडे मी दिलेले नाहीत, ते जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात. वेळेचे मात्र खरे दिले आहेत. एका हिवाळ्यात होईल असं वाटलेल्या कामाला मला दोन वर्षं आणि चार महिने लागले.

आभार मानायचे ते थोडक्यात मानतो. ग्राइंडर काढून घेणाऱ्या शेजाऱ्यांचे, ज्यांनी पुढे प्रत्येक प्रकरण वाचून दुरुस्त केलं. गॅरेजातली मोटार दोन पावसाळे बाहेर भिजू देणाऱ्या माझ्या पत्नीचे. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या आपल्या वळणदार अक्षरात लिहून देणाऱ्या माझ्या मुलीचे. त्यातल्या काही मी अजून फेकलेल्या नाहीत.

आज गाडी गॅरेजात उभी आहे. सपाट सीट, रुंद हँडल, उजव्या अंगाने चढलेले पाइप, १९ इंची दोन चाकं. मागच्या नंबर पाटीखाली लाल दिवा आहे आणि पुढे, पिवळा न पडणारा हेडलाइट. तुमच्या गाडीचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी एक कोरी वही आणा आणि तिच्या पहिल्या पानावर लिहा: ही गाडी घरी परत आली पाहिजे. पुढची सगळी मापं त्या एका वाक्यावरून काढता येतात.

सॅन होजे, कॅलिफोर्निया